पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका

नाशिकच्या द्वारका चौकाच्या आसपास राहणाऱ्या कोणालाही विचारा, तक्रारींची यादी तोंडपाठ असते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. वरून उड्डाणपूल जातो आणि खाली ट्रक, एसटी, रिक्षा, दुचाक्या दिवसभर धूळ उडवत असतात. पुण्याच्या दिशेने थोडं पुढे गेलं की नासर्डीचा पूल लागतो. पावसाळा सोडला तर त्या पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. हीच नासर्डी पुढे टाकळीला गोदावरीत मिळते. त्या संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षं पाण्यात उभं राहून जप केला, असं परंपरा सांगते. आज तिथल्या पाण्यात घोटाभर उतरायलाही कोणी धजावणार नाही.

यादी सगळ्यांकडे आहे. कागद मात्र फार थोड्यांकडे असतो. म्हणून आज त्या कागदाविषयीच बोलू या.

आपल्याकडे निवेदन देण्याची एक ठरलेली रीत झाली आहे. दहा-पंधरा जण जमतात, साहेबांच्या टेबलासमोर अर्धवर्तुळ करून उभे राहतात, कागद साहेबांच्या हातात, दुसरं टोक पुढाऱ्याच्या हातात, सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. साहेब म्हणतात, ‘बघतो.’ दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, तो व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतो आणि विषय संपतो. कागद साहेबांच्या टेबलावरून कुठे गेला, हे त्या पंधरा जणांतल्या एकालाही सांगता येत नाही. फोटोला माझा विरोध नाही, त्याने थोडा दबाव येतो हे खरं. पण सरकारी कार्यालयाच्या लेखी तुमचं निवेदन टपाल कक्षात शिक्का बसतो तेव्हा जन्माला येतं. आवक क्रमांक आणि तारीख नसेल तर तुम्ही काहीच दिलेलं नाही. तेव्हा दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर शिक्का, क्रमांक आणि सही घ्या. ‘साहेब जेवायला गेलेत’, ‘शिक्का आज नाही’ असं ऐकायला मिळालं तर थांबा, नाहीतर तोच कागद पोस्टाने नोंदणी करून पाठवा आणि पावती जपून ठेवा. ईमेल केला असेल तरी कागदी प्रत द्याच.

आता खरी अडचण येते ती कागद कोणाच्या नावे लिहायचा याची. द्वारका हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. महामार्ग आणि उड्डाणपूल म्हटलं की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण येतं. गल्लीबोळ, गटारं, कचरा म्हटलं की महापालिका. सिग्नल आणि कोंडी म्हटलं की वाहतूक पोलीस. मधूनमधून सार्वजनिक बांधकाम विभागाचंही नाव निघतं. चौकाखाली पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला गेला आणि वर्षानुवर्षं बहुतेक बिनवापराचा पडून राहिला. त्याविषयी विचारायला गेलेल्या माणसाला प्रत्येक कार्यालय दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखवतं. यावर लोक काय करतात? एकच पत्र लिहून वर ‘मा. मुख्यमंत्री, मा. पालकमंत्री, मा. जिल्हाधिकारी, मा. आयुक्त’ अशी नावांची माळ लावतात. असं पत्र सगळ्यांना जातं, म्हणून कोणालाच जात नाही. प्रत्येक टेबलावर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ एवढा शेरा पडतो आणि ते पुढे सरकतं.

पत्र एकाच अधिकाऱ्याला लिहा, ज्याच्या सहीने काम सुरू होऊ शकतं त्याला. बाकीच्यांची नावं खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून. नदीत उघडं सांडपाणी येत असेल तर महापालिकेचा मलनिस्सारण विभाग. कारखान्याचं रसायनमिश्रित पाणी येत असल्याचा संशय असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, ते सातपूरच्या उद्योग भवनात आहे. झाडाला खिळे ठोकले, बुंध्याभोवती काँक्रिट ओतलं, फांद्या छाटायच्या नावाखाली खोड कापलं, तर वृक्ष अधिकारी. नदीच्या पूररेषेत भराव टाकला जात असेल तर महापालिकेचा नगररचना विभाग आणि सोबत जलसंपदा विभाग, कारण २००८ च्या पुरानंतर आखलेल्या निळ्या आणि लाल रेषा त्यांच्या नकाशावर आहेत. रात्रीच्या डीजेसाठी पोलीस. आणि धूळ कोणाची हे ठरत नसेल तर पहिलं पत्र तक्रारीचं न लिहिता चौकशीचं लिहा: ‘अमुक पुलापासून तमुक दुकानापर्यंतच्या सेवा रस्त्याची देखभाल कोणत्या कार्यालयाकडे आहे, ते लेखी कळवावे.’ हे उत्तर एकदा हाती आलं की टोलवाटोलवी बरीच थांबते.

समजा, नासर्डीच्या पुलाखाली एका पाइपातून मैलापाणी थेट पात्रात पडतं आहे. बहुतेक निवेदनं अशी सुरू होतात: ‘पवित्र गोदामाईची उपनदी असलेल्या नासर्डीचे आज गटारगंगेत रूपांतर झाले असून प्रशासन झोपेचे सोंग घेत आहे.’ वाक्य झणझणीत आहे, पण त्यात अधिकाऱ्याने करायचं काय ते कुठेच नाही. त्याऐवजी साधं लिहा:

‘पुणे रस्त्यावरील नासर्डी (नंदिनी) पुलाच्या खालच्या अंगाला, टाकळीच्या बाजूच्या काठावर, सुमारे एक फूट व्यासाच्या सिमेंटच्या पाइपातून सांडपाणी नदीत पडत आहे. तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, दुपारी आणि रात्री काढलेली छायाचित्रे तारखेसह सोबत जोडली आहेत. हा पाइप कोणत्या वाहिनीला जोडलेला आहे याची तपासणी आमच्या उपस्थितीत करावी, तो जवळच्या भुयारी गटाराला जोडावा आणि केलेल्या कार्यवाहीचे उत्तर पंधरा दिवसांत लेखी द्यावे.’

जागा, पुरावा, मागणी, मुदत. नदीची दोन्ही नावं मुद्दाम लिहिली आहेत, कारण सरकारी कागदांत कधी नासर्डी असते, कधी नंदिनी, आणि फाईल शोधताना तेवढंच निमित्त पुरतं. सरकारी भाषा जमत नाही म्हणून कोणी अडून बसू नये. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की कोणत्याही व्यक्तीला आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या राज्यात वा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत मांडता येतं. म्हणजे महामार्ग प्राधिकरणासारख्या केंद्राच्या कार्यालयालाही तुम्ही खुशाल मराठीत लिहा. ‘इंग्रजीत द्या’ म्हणणाऱ्याला कलमाचा आकडा सांगा.

एका पत्रात एकच विषय असावा, हेही सांगावंसं वाटतं. कचरा, डास, पथदिवे, मोकाट कुत्री आणि नदी एकाच अर्जात कोंबली की अधिकारी त्यातलं सगळ्यात सोपं काम करतो, दिवा लावतो, आणि तुमचा अर्ज ‘निकाली’ निघतो.

पुराव्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे लोकांचा उत्साह वाया जातो. बाटलीत नदीचं पाणी भरून कार्यालयात नेऊन ठेवणं हे दृश्य छान दिसतं, पण कायद्याच्या दृष्टीने त्या बाटलीला फारशी किंमत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात नमुना कसा घ्यायचा याची पद्धत घालून दिलेली आहे. सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या माणसाने घ्यायचा, ज्याचं सांडपाणी आहे त्याला नोटीस देऊन, नमुन्याचे भाग करून, डबे सीलबंद करून. ही पद्धत पाळली नसेल तर तो अहवाल कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही. म्हणून तुमची मागणी ‘अमुक ठिकाणी, अमुक वेळी मंडळाने नमुना घ्यावा आणि अहवालाची प्रत द्यावी’ अशी असली पाहिजे. आणि वेळ तुम्हीच सांगा, कारण ती शेजाऱ्यांना माहीत असते. कारखान्याचं पाणी रात्री दोनला सुटत असेल आणि साहेब सकाळी अकराला येऊन नमुना घेत असतील, तर अहवाल चांगलाच येणार. महिनाभर एक साधी वही ठेवा: तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, फेस. ती वही भरणारा माणूस आणि संयुक्त पाहणीला हजर राहणारा माणूस एकच असला तर उत्तम.

तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावी लागते. प्रदूषण मंडळाच्या संकेतस्थळावर गोदावरीच्या ठिकठिकाणच्या पाण्याचे आकडे मिळतात. त्यातला तुमच्या जवळच्या ठिकाणचा आकडा तुमच्या पत्रात घाला. मंडळाला त्याचाच आकडा दाखवला की वाद घालायला जागा उरत नाही. धुळीचंही तसंच. केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत नाशिक आहे. शहरासाठी कृती आराखडा आहे, निधीही येतो. द्वारकेच्या रहिवाशांनी ‘धूळ फार आहे हो’ म्हणण्यापेक्षा ‘या आराखड्यातून द्वारका परिसरात कोणतं काम, किती रकमेचं झालं?’ हे विचारावं. कचरा जाळणाऱ्यांच्या बाबतीत तर राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे: उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड. पत्रात तो आदेश लिहिला तर अधिकाऱ्याला ‘आम्हाला अधिकार नाहीत’ म्हणता येत नाही.

पत्र दिलं, पोच मिळाली, पंधरा दिवस गेले, उत्तर नाही. इथेच बहुतेक जण कंटाळतात आणि तोंडी शिव्याशापांवर समाधान मानतात. माझं म्हणणं असं की खरं काम इथून पुढे सुरू होतं, आणि त्याला खर्च येतो दहा रुपये. माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा, त्यामुळे नेमकं लिहावं लागतं. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर द्यायची सक्ती नाही. ‘दि. अमुकच्या, आवक क्र. तमुकच्या माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या सर्व टिप्पणींच्या, शेऱ्यांच्या आणि पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात’ असं मागा. बघा, पहिल्याच दिवशी घेतलेला आवक क्रमांक इथे कामाला आला. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ नाशिकातच आहे. कित्येकदा माहिती यायच्या आधी काम होतं. कारण कोऱ्या फाईलची प्रत कोणालाच द्यायची नसते.

दहा रुपयेही नकोत आणि तीस दिवसही नकोत, तर सोमवार धरा. नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने राज्य सरकारने जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सोय केली आहे. किती नाशिककरांना हे ठाऊक आहे? विचारून पाहा, कार्यालयातल्या माणसालाही कदाचित परिपत्रकाची प्रत दाखवावी लागेल. महिन्याचा पहिला सोमवार जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाचाही असतो. तिथे आधी अर्ज करून जावं लागतं आणि सगळ्या खात्यांचे अधिकारी एका खोलीत बसलेले असतात. द्वारकेसारख्या चार मालकांच्या चौकासाठी तेवढी एकच खोली उपयोगाची.

आणखी एक हत्यार फार कमी वापरलं जातं. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे, अण्णा हजारेंच्या आंदोलनातून आलेला. त्याप्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याच्या टेबलावर सामान्यपणे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि मुद्दाम रखडवली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. माहिती अधिकारात मिळालेल्या टिप्पणीवर तारखा असतात. कोणत्या टेबलावर फाईल दोन महिने झोपली ते त्या तारखा सांगतात. स्मरणपत्रात तेवढंच लिहा, आवाज न चढवता.

आता सह्यांविषयी. पुण्याच्या सार्वजनिक सभेची स्थापना १८७० ची. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी ती उभी केली तेव्हा एक अट होती: सभेत बसणाऱ्याकडे किमान पन्नास माणसांच्या सहीचं मुखत्यारपत्र असलं पाहिजे. सुमारे सहा हजार लोकांच्या सह्यांवर ९५ प्रतिनिधी निवडले गेले होते. कोणाच्या वतीने बोलतोस, असं सरकारने विचारायच्या आतच त्यांनी कागद तयार ठेवला. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगाव माणसं पाठवून पिकांची, धान्यभावांची, मजुरीची माहिती गोळा केली आणि ती सरकारला कळवली. त्यामागे न्यायमूर्ती रानड्यांचं डोकं होतं. परक्या सरकारसमोर, कसलाही हक्क नसताना, या मंडळींनी रागापेक्षा माहितीवर भर दिला. आज आपल्या हातात मतं आहेत, माहितीचा कायदा आहे, आणि आपण मात्र एका ऑनलाइन दुव्यावर बोट टेकवून ‘सही केली’ म्हणतो. ऑनलाइन सह्यांनी बातमी होते, ते नाकारत नाही. पण तुमच्या वॉर्डातल्या दोनशे माणसांनी नाव, पत्ता आणि फोन लिहून केलेल्या सह्या कार्यालयाला जास्त जड जातात, कारण त्या माणसांना शोधता येतं आणि ती माणसं येऊन उभीही राहू शकतात.

हरकतींच्या बाबतीत मात्र सह्यांचा गठ्ठा नको, स्वतंत्र पत्रं हवीत. शहरातली झाडं तोडण्यासाठी १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. त्याप्रमाणे तोडीच्या प्रस्तावाची जाहिरात वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि नोटीस झाडावरही लावावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. नाशिककरांनी या कायद्याचा उपयोग २०२५ च्या नोव्हेंबरात करून दाखवला. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली सतराशेहून जास्त झाडं काढण्याचा प्रस्ताव आला, झाडांवर नोटिसा लागल्या, आणि शेकडो माणसांनी मुदतीत आपापल्या नावाने हरकती दाखल केल्या. सुनावणीत खूप गरमागरमी झाली, सयाजी शिंदेंसारखे अभिनेते येऊन उभे राहिले, विषय राज्यभर गेला. पुढे डिसेंबरमध्ये हरित लवादाने तोडीला अंतरिम स्थगिती दिली. टीव्हीवर दिसल्या त्या घोषणा. त्याआधी कोणीतरी तपोवनात हिंडून झाडांवरचे कागद वाचले होते, मुदत कधी संपते ते पाहिलं होतं आणि इतरांना कळवलं होतं. तुमच्या रस्त्यावरच्या झाडांवरचा चिकटवलेला कागद तुम्ही शेवटचा कधी वाचलात?

उशिराची किंमत मुंबईच्या आरेने मोजली. मेट्रोच्या कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ ला फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेत, तोड थांबवली. पत्राने काम केलं, पण तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. हजारो हरकती नोंदल्या गेलेल्या असूनही हे झालं, हेही विसरू नये. हरकत नोंदवल्यावर स्थगितीची तयारीही त्याच आठवड्यात करावी लागते.

हरित लवादाचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट ठळकपणे सांगतो. पश्चिम भारतासाठी लवादाचं पीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये आहे, वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं, मात्र कामकाज इंग्रजीत चालतं. पण वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पटण्यासारखं कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळू शकतात. तुम्ही महापालिकेला स्मरणपत्रामागून स्मरणपत्र पाठवत राहिलात म्हणून ही मुदत वाढत नाही. चांगली चांगली प्रकरणं या सभ्यपणात बुडालेली आहेत. नदीपात्रात भराव पडताना पाहिलात तर त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि चौथ्या महिन्यात ठरवा, पुण्याला जायचं की नाही. लवाद स्वतःहूनही दखल घेऊ शकतो, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. ते प्रकरण आपल्या मुंबईचंच होतं: देवनारच्या कचऱ्यावर आलेला एक लेख वाचून लवादाने मुंबई महापालिकेवर कारवाई केली होती.

कोर्टाची वाट लांबची असते आणि ती सगळ्यांनी चालावी असं मी म्हणणार नाही. राजेश पंडित आणि गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाच्या मंडळींनी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेकडून अभ्यास झाला, नदीकाठी पोलीस नेमण्याचे आदेश झाले, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, महापालिकेला गोदावरीसाठी वेगळी यंत्रणा उभी करावी लागली. नदी स्वच्छ झाली का? रामकुंडाच्या खालच्या अंगाला जाऊन बघा, उत्तर मिळेल. तरीही ती याचिका वाया गेली असं मी मानत नाही, कारण आज नाशिकमध्ये कोणीही नदीबद्दल अर्ज करतो तेव्हा त्याच्या मागे ते आदेश उभे असतात. देवांग जानी यांनी गोदापात्रात काँक्रिट ओतून जुनी कुंडं बुजवल्याचा मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरला, तेव्हा त्यांच्या हातात जुने नकाशे होते. काही भागातलं काँक्रिट निघालंही. अर्जाला नकाशा जोडणारा माणूस अधिकाऱ्यांना फार गैरसोयीचा वाटतो.

पत्र कशासाठी लिहायचं यावरही एक शब्द. नासर्डीकाठच्या घाणीवर फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची निवेदनं पुष्कळदा ‘काठावरच्या झोपड्या हटवा’ या एका मागणीवर येऊन थांबतात. हे मला पटत नाही. पुलाखालच्या पाइपातून पडणारं पाणी अनेकदा पक्क्या इमारतींचंच असतं. काठावरच्या वस्तीला गटाराची जोडणी आणि कचऱ्याची गाडी मागा, आणि त्या अर्जावर त्या वस्तीतल्या बायाबापड्यांच्याही सह्या घ्या. रात्री कोणत्या टँकरने येऊन पाणी सोडलं, ते त्यांना दिसतं, तुम्हाला नाही. कोणाचा धंदा दुखावणारी तक्रार असेल तर मात्र एकट्यादुकट्याच्या नावाने देऊ नका. सोसायटीच्या लेटरहेडवर, अध्यक्ष-सचिवांच्या सहीने द्या, आणि कार्यालयात किमान तिघांनी मिळून जा.

नगरसेवकाचं काय, असं विचाराल. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नाशिक महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, आणि त्या काळात लोकांना थेट विभागीय कार्यालयात जायची थोडी तरी सवय लागली. ती मोडू नका. नगरसेवकाला जरूर भेटा, त्यांचं शिफारसपत्र जोडा, पण अर्ज तुमच्या नावाचा आणि आवक क्रमांक तुमच्या खिशात असू द्या. पुढारी पक्ष बदलतात, वॉर्ड बदलतात. तुमचा पत्ता तोच राहतो.

मोबाइलवरच्या तक्रारींबाबत थोडं सावध राहा. काम न होता ‘तक्रार निकाली’ असा संदेश येतो आणि लोक चिडून ॲपच काढून टाकतात. तसं न करता त्या संदेशाचा फोटो काढा, त्याच दिवशी जागेवर जाऊन तिथलाही फोटो काढा, आणि दोन्ही जोडून विभागीय अधिकाऱ्याला कागदी पत्र द्या. खोटा शेरा मारणाऱ्याला उत्तर द्यावं लागेल असा याहून सोपा कागद दुसरा नाही.

शेवटची गोष्ट वेळेची. पाइप जोडणं, जाळी बसवणं, नाल्याची भिंत बांधणं या कामांना पैसा लागतो, आणि महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ठरतं. मे महिन्यात, नालेसफाईच्या बातम्या यायला लागल्यावर दिलेल्या अर्जाला ‘तरतूद नाही’ हे उत्तर तयारच असतं. तेव्हा दिवाळीचा फराळ संपला की सोसायटीची बैठक घ्या, नासर्डीच्या पुलावर जाऊन फोटो काढा आणि डिसेंबर उजाडण्याआधी अर्ज टपाल कक्षात पोचवा. मागणीच्या ओळीत ‘पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी तरतूद करावी’ हे शब्द घाला. मार्चमध्ये अंदाजपत्रक जाहीर झालं की त्याची प्रत मिळवा आणि आपल्या कामाचं नाव त्यात आहे का ते पाहा. नसेल तर दहा रुपयांचा स्टॅम्प आणा.